गावी घर बांधायचंय : 32 लाखांत काय बसेल?

पागोळी | 12 ऑगस्ट

नमस्कार. संगमेश्वर तालुक्यात आमचं मातीचं जुनं घर आहे. यंदाच्या पावसात मागची भिंत फुगली आणि पडवीचा वासा खाली आला. आई-बाबा दोघंच तिथे राहतात. बाबा 71, आई 66. पुण्याला येऊन राहायची दोघांचीही तयारी नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. तेव्हा दिवाळीनंतर जुनं घर उतरवून त्याच जागी नवीन बांधायचं ठरवलंय.

पैशांचा हिशोब असा. माझे साठवलेले 12 लाख, बाबांच्या निवृत्तीच्या रकमेतले 4 लाख आणि गृहकर्ज 16 लाख. एकूण 32.

1000 चौरस फूट, 40 बाय 25 असा साधा आराखडा केलाय. दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर, देवघर, दोन बाथरूम आणि पुढे ओटी. तालुक्याच्या ठेकेदाराने मटेरियलसह 2000 रुपये फूट सांगितलं. म्हणजे 20 लाख. उरलेल्या 12 लाखांत फर्निचर, गडगा (दगडी कुंपण), गेट सगळं व्हायला हवं असं मला वाटतं. नाशिकचा भाऊ म्हणतो, एवढे उरतायत तर वर अजून एक मजला चढवू, पाया काय एकदाच होतो.

माझे प्रश्न :
चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर की कॉलम-बीमचं? स्लॅब की कौलं? आणि माझा हिशोब कुठे चुकतोय?

ज्यांनी स्वतः बांधलंय त्यांनी कृपया आकड्यांसकट सांगा. घर एकदाच होणार आहे.

ओळंबा | 12 ऑगस्ट

मी स्ट्रक्चरल डिझाइन करतो, 22 वर्षं झाली. पागोळी ताई, तुमचा गुणाकार बरोबर आहे. गडबड आहे ती '2000 रुपये फूट' या शब्दांत.

पहिलं म्हणजे, फूट कुठून मोजायचा? भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून की छपराच्या कडेपासून? कोकणात पावसासाठी छप्पर चारी बाजूंनी दोन-अडीच फूट बाहेर काढतात. 40 बाय 25 चं घर छपराच्या कडेपाशी मोजलं तर 45 बाय 30 होतं. 1000 चे 1350 फूट! 2000 च्या दराने हा फरक 7 लाखांचा आहे. मी हे वाद कोर्टापर्यंत गेलेले पाहिलेत, आणि कारण दरवेळी एकच असतं, कागदावर मोजमापाची ओळ नसते. ओटी अर्ध्या दराने की पूर्ण, हेही त्याच ओळीत लिहून घ्या.

दुसरं, त्या दरात जोत्याची (घराच्या चौथऱ्याची) उंची किती धरली आहे? ठेकेदार बहुधा सपाट जमीन आणि दोन फूट जोतं धरून दर देतो. त्यावरचा भराव, उताराकडची संरक्षक भिंत, सेप्टिक टँक, शोषखड्डा, पाण्याची टाकी, मीटरपासूनची मेन लाईन हे सगळं 'जादा काम' म्हणून येतं. तुमची जागा सपाट आहे का? संगमेश्वरात सपाट जागा नशिबानेच मिळते.

तिसरं, माल कोणता? सळई एफई 500डी ग्रेडची का, सिमेंट कुठल्या दर्जाचं, फरशी किती रुपये फुटाची, दारं कशाची, रंगाचे हात किती, हे लिहिलेलं नसेल तर 2000 या आकड्याला काही अर्थ नाही.

जागेचा उतार सांगा, मग चिरा की कॉलम ते बोलू.

रोजमेळ | 13 ऑगस्ट

आम्ही कराडजवळ तीन वर्षांपूर्वी 1100 फूट बांधलं, मजुरीवर. माल आमचा, काम त्यांचं. नवरा नोकरीला, त्यामुळे साईट मी सांभाळली. एक दोनशे पानी वही केली आणि रोज संध्याकाळी लिहायचं असं ठरवलं : आज किती गवंडी, किती बिगारी, किती पोती फुटली, काय आलं, कोणाला किती दिले. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

माल आपला असेल तर माल मोजायला शिकावंच लागतं. मी शिकले ते सांगते.

वाळू, खडी, मुरूम ब्रासवर येतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. गाडी आली की खाली करायच्या आधी टेप लावायचा. हौदा आतून 12 फूट लांब, 7 फूट रुंद आणि माल अडीच फूट भरलेला असेल तर 210 घनफूट, म्हणजे 2.1 ब्रास. आमच्याकडे पहिली गाडी 'अडीच ब्रास' म्हणून आली होती. मी टेप काढल्यावर चालक काही बोलला नाही, पैसे कमी घेतले. पुढच्या गाड्या नीट आल्या.

सळई वजनावर येते. व्यासाचा वर्ग भागिले 162, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 मिलिमीटरची सळई मीटरला 0.89 किलो, म्हणजे 12 मीटरचा एक नग साधारण 10.7 किलो. 8 ची 4.7 किलो, 10 ची 7.4. नग मोजायचे, गुणायचे आणि काट्याच्या पावतीशी ताडून बघायचं. थोडा फरक येतो, पण शंभर किलोचा येत नाही.

मजुरीवर केल्याने आमचे पैसे नक्की वाचले. पण मी आठ महिने रोज साईटवर होते. तुम्ही पुण्यात असाल आणि बाबा 71 वर्षांचे, तर हा मार्ग घेऊ नका असंच सांगेन. अर्धवट लक्ष देऊन मजुरीवर काम काढलं तर वाचलेले पैसे मालाच्या नासाडीत जातात.

आणि एक. 32 लाखांत 'अडीअडचण' हा शब्द कुठेच दिसला नाही. आमच्या घराच्या पायाला काळी माती लागली, चार फुटांवर धरलेलं खोदकाम साडेसहा फुटांवर गेलं. एका आठवड्यात दीड लाख वाढले.

कोष्टक | 13 ऑगस्ट

बँकेतून निवृत्त झालोय, गृहकर्जाच्या फायली आयुष्यभर पाहिल्या. पागोळी ताई, बांधकामाच्या आधी एक विचारतो : सातबारावर नावं कोणाची आहेत?

कोकणात घर बाबांचं असतं आणि जमीन सामायिक असते. ग्रामपंचायतीचा नमुना 8 बाबांच्या नावावर आहे म्हणून लोक निश्चिंत असतात. पण नमुना 8 ही घरपट्टीची नोंद आहे, तो मालकीचा पुरावा नाही. सातबारावर चुलत्यांची नावं असतील तर बँक सगळ्यांच्या सह्या मागेल, आणि ते योग्यच आहे. वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र नोंदणीकृत करून घ्या. शेतजमिनीच्या वाटपासाठी महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडेही जाता येतं. मग मोजणी, मग नकाशा. जमिनीच्या अकृषिक (शेतीव्यतिरिक्त) वापरासाठी सध्या कोणता नियम लागू होतो तेही विचारा.

आता कर्ज. बांधकामाचं कर्ज एकरकमी मिळत नाही. आधी तुमचा वाटा घालायचा, मग जोतं, लिंटेल (दार-खिडक्यांवरचा काँक्रीटचा पट्टा), छप्पर, फिनिशिंग असे टप्पे पाहून बँक हप्ता सोडते. तपासणी होऊन पैसे यायला पंधरा दिवसही लागतात आणि गवंडी पंधरा दिवस थांबत नाही. म्हणून हाताशी एका टप्प्याचे पैसे कायम ठेवा. घर होईपर्यंत उचललेल्या रकमेवर व्याज चालू राहतं, तेही बजेटमध्ये धरा.

मुदत जास्त घेऊ नका. समजा 18 लाख 8.5 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण 17,700 येतो, 20 वर्षांसाठी 15,600. महिन्याला 2100 कमी दिसतात, पण एकूण परतफेड साडेपाच लाखांनी वाढते. आयकराची जुनी पद्धत घेत असाल तर स्वतः राहायच्या घरावर व्याजाची 2 लाखांपर्यंत वजावट आहे आणि बांधकामाच्या काळातलं व्याज पुढे पाच समान भागांत घेता येतं. नव्या पद्धतीत राहत्या घराला ही सवलत नाही.

शेवटी मनापासून सांगतो, बाबांचे 4 लाख घेऊ नका. ते म्हणतील घे, पण या वयात एक दवाखाना लागला तर तेवढेच हाताशी असतात. 16 ऐवजी 18 कर्ज काढा, घर लहान करा, पण ती मुदतठेव मोडू नका.

दुमजली | 14 ऑगस्ट

भावाचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. आम्ही खेडला आत्ताच वरचा मजला चढवला. नंतर करायचा म्हटलं तर दर दुप्पट होतात आणि घरात राहून काम करणं म्हणजे हाल. गणपतीला वीस माणसं येतात, त्यांनी झोपायचं कुठे?

पागोळी | 14 ऑगस्ट

सगळ्यांचे खूप आभार. कोष्टक काका, तुमची पोस्ट वाचून सातबारा काढला. बाबा आणि दोन काका अशी तीन नावं आहेत, जागा 6 गुंठे. बाबांना हे माहीत होतं, पण त्यांना ते अडचणीचं वाटत नव्हतं. धाकटे काका मुंबईला असतात, गणपतीला येतील. त्याच वेळी सगळे समोरासमोर बसून बोलणार आहोत.

ओळंबा दादा, जागा उताराची आहे. उत्तरेकडे वर पाखाडी (पायऱ्यांची वाट), दक्षिणेकडे खाली पऱ्ह्या (ओहोळ). शेजारच्या दादांनी पाण्याची नळी धरून मोजलं, घराच्या 40 फुटांत 4 फूट उतार आहे. जुनं घर उताराला सरळ, म्हणजे लांबी उत्तर-दक्षिण आहे आणि नवीनही तसंच आखलंय. दार पूर्वेला.

ओळंबा | 15 ऑगस्ट

मग घर फिरवा.

आत्ता 40 फुटांची बाजू उतारावर आहे. वरच्या टोकाला दीड फूट जोतं धरलं तर खालच्या टोकाला साडेपाच फूट होतं. सरासरी साडेतीन फूट. 1000 फुटांवर 3500 घनफूट, म्हणजे 35 ब्रास भराव. धुम्मस मारून दाबल्यावर तो बसतो, म्हणजे आणावा लागेल वीसेक टक्के जास्त. शिवाय खालच्या बाजूला साडेपाच फूट उंच भिंत, तिच्यावर ओल्या भरावाचा दाब. नव्या घरांच्या फरश्या दोन पावसांनंतर पोकळ वाजतात ते याच भरावामुळे.

आता लांबी पूर्व-पश्चिम करा. उतारावर येतील फक्त 25 फूट, फरक अडीच फुटांचा. वर दीड, खाली चार, सरासरी पावणेतीन. भराव 27.5 ब्रास, भिंत दीड फुटाने ठेंगणी. घर तेवढंच, खोल्या त्याच. पाखाडीकडून वाहत येणारं पाणी मात्र घराच्या लांब बाजूवर येईल, म्हणून वरच्या अंगाला बांधीव चर हवाच, आणि त्याचं पाणी घराला वळसा घालून पऱ्ह्याला गेलं पाहिजे.

चिरा की कॉलम? तळमजला आणि उतरतं छप्पर असेल तर चिऱ्याच्या भारवाहक भिंती उत्तम. एक अट, तुमचा भाग कोयनेपासून लांब नाही. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप तुमच्या बाबांना आठवत असेल. म्हणून जोत्यावर, लिंटेलला आणि छपराखाली अखंड काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत उभी सळई. आयएस 4326 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात हे सगळं दिलेलं आहे. लिंटेल फक्त दार-खिडकीवर टाकून मध्ये तोडतात, तसं करू देऊ नका. पट्टा घराला दोरीसारखा बांधून ठेवतो, तुटला की उपयोग संपला.

दुमजली, तुमच्याकडे जागा कमी असेल, इथे 6 गुंठे आहेत. वर मजला घ्यायचा तर आजच कॉलम, मोठी फुटिंग (कॉलमखालचा पाया), जिना हे सगळं धरावं लागतं. जिनाच शंभर-सव्वाशे फूट खातो. 71 वर्षांचे बाबा वर जाणार नाहीत. पुढे लागलीच तर बाजूला खोली वाढवता येईल, त्यासाठी पूर्वेच्या भिंतीत आत्ताच लिंटेल टाकून दाराची जागा चिरे लावून बुजवून ठेवा.

तिरफळ | 16 ऑगस्ट

कुडाळहून. छपराबद्दल बोलतो, कारण आम्ही तिन्ही प्रकार करून बसलोय.

काकांनी 2009 साली सपाट स्लॅब टाकला. चौथ्या पावसात गळायला लागला. वॉटरप्रूफिंग दोनदा केलं, शेवटी वर लोखंडी शेड आणि पत्रे. आज आमच्या गावात दहा स्लॅबपैकी आठांवर पत्रा आहे. पागोळी ताई, स्लॅब टाकायचा असेल तर दोन छपरांचे पैसे आजच धरा.

पत्राच का नको? आवाज आणि उष्णता हे एक. दुसरं, 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या बाजूने गेलं, तेव्हा आमच्या मामांच्या घराचे पत्रे दोन बागा ओलांडून पडले. हुक आणि बोल्ट पुरेसे नव्हते.

कौलं सुंदर, घर थंड राहतं. पण आता चांगलं लाकूड परवडत नाही आणि माकडांचा त्रास आहे. आमच्याकडे वर्षाला शंभरेक कौलं बदलावी लागतात, आणि छपरावर चढणारा माणूस मिळत नाही.

मी स्वतःचं घर बांधलं तेव्हा मधला मार्ग काढला. स्वयंपाकघर, बाथरूम आणि देवघर एका ओळीत घेऊन तेवढ्यावर स्लॅब. वर पाण्याची टाकी. हजार लिटर म्हणजे एक टन वजन, ते कौलाखाली कुठे ठेवणार? वादळ आलं तर माणसांनी थांबायलाही तीच जागा. बाकीच्या घरावर लोखंडी सांगाडा, त्यावर मंगलोरी कौलं, आणि आतून छत. जुन्या घराचे वासे सरळ असतील तर फेकू नका. आमच्या आजोबांच्या घराचं फणसाचं लाकूड आज माझ्या दारांच्या चौकटींत आहे.

थापी | 17 ऑगस्ट

माझे वडील चिऱ्याचे मिस्त्री. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधली, मीही सुट्टीत हाताखाली काम केलंय. इथे मोजमाप आणि फसवणूक यावर बरंच आलं, ते खरंच आहे. पण दुसरी बाजूही सांगतो.

मालकामुळे खर्च कसा वाढतो, तर बदलांमुळे. भिंत सहा थर आली की बाई म्हणणार खिडकी इकडे नको. उतरवायला एक दिवस, चढवायला दोन दिवस, चिरे फुटतात ते वेगळेच. हे पैसे मालकाला दिसत नाहीत आणि मिस्त्रीला मिळत नाहीत. आखणीच्या दिवशी जमिनीवर पांढरी फक्की (भुकटी) टाकून सगळ्या खोल्या काढा, आई-बाबांना त्यात फिरू द्या, खाट कुठे, कपाट कुठे, दार कुठल्या बाजूला उघडणार ते तिथेच ठरवा. चार दिवस लागले तरी लागू देत.

पैसे टप्प्याने द्या, आगाऊ दहा टक्क्यांच्या वर देऊ नका. पण टप्पा झाला की अडवू नका. मजुरी बाजाराच्या दिवशी लागते, तीच चुकली तर माणूस दुसऱ्या साईटवर जातो आणि महिनाभर येत नाही. शेवटचे पाच टक्के एक पाऊस होईपर्यंत मागे ठेवायचे असं आधीच ठरवलं तर कुठलाही चांगला माणूस नाही म्हणणार नाही. वडील स्वतःहून तसं सांगायचे.

चिऱ्याचं : आमच्याकडच्या खाणीचा चिरा साधारण 14 इंच लांब, 9 रुंद, 7 उंच. 100 चौरस फूट भिंतीला 130 ते 135 लागतात, तुटफूट धरून 145 सांगा. ताजा काढलेला चिरा मऊ असतो, वाऱ्यावर कडक होतो. म्हणून पाऊस संपून खाणी सुरू झाल्या की लगेच मागवा आणि महिनाभर रचून ठेवा. एकाच खाणीचा घ्या, रंग आणि माप जुळतं. पांढरट मातीचे पट्टे असलेला चिरा परत करा, तिथूनच पाणी शिरतं. बाहेरून गिलावा नाही केला तरी चालतो, दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) नीट भरल्या पाहिजेत.

सांजवात | 18 ऑगस्ट

घर आई-बाबांसाठी आहे ना? मग त्यांच्या गुडघ्यांचा विचार आराखड्यात कुठे आहे?

माझ्या सासूबाई बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, त्या पुन्हा चालल्या नाहीत. उंबरा तीन इंचांचा होता. पाणी बाहेर येऊ नये म्हणून मीच करून घेतला होता.

बाथरूमचं दार तीन फूट रुंद ठेवा, चाकाची खुर्ची लागली तर जाईल. फरशी खरखरीत, उंबरा नाही, ढाळ जाळीकडे. कमोडच्या शेजारी धरायला दांडा. तो पुढे लावायचा असला तरी भिंतीत त्या जागी आत्ताच मजबुती करून ठेवा. आई-बाबांच्या खोलीतून बाथरूमपर्यंत रात्री हात लागेल असं दिव्याचं बटण. या सगळ्याला दहा हजारसुद्धा जास्तीचे लागत नाहीत.

आणि पायऱ्या. उतरता रस्ता सोयीचा व्हायचा तर एक फूट चढाला बारा फूट लांबी लागते. तीन फूट जोतं असेल तर 36 फूट रस्ता कुठून आणणार?

ओळंबा | 18 ऑगस्ट

सांजवात यांनी फार महत्त्वाचं सांगितलं. घर फिरवलं तर याचंही उत्तर मिळतं. पाखाडीच्या बाजूला जोतं दीडच फूट आहे, म्हणजे 18 फूट उतार पुरतो, आणि तो भिंतीला लागून सहज बसतो. पायऱ्या ठेवा, पण हा रस्ताही ठेवा.

पागोळी | 27 सप्टेंबर

गणपती झाले, म्हणून इतक्या दिवसांनी लिहितेय.

काका दोघेही आले होते. धाकट्या काकांनी सुरुवातीलाच विचारलं, घर नवीन झाल्यावर गणपती कुठे बसणार? बाबा म्हणाले, जिथे आज बसतो तिथेच. मग पुढचं सगळं सोपं झालं. वाटणीचा कागद करायला दोघांनी संमती दिली, घराची अडीच गुंठे जागा बाबांच्या वाट्याला येतेय. मोजणीचा अर्ज भरला.

घर फिरवलं. आईला दार पूर्वेलाच हवं होतं, तुळस तिथेच आहे. ओळंबा दादांनी सांगितलेला उतरता रस्ता पाखाडीकडून येऊन ओटीवर चढतो आणि दार पूर्वेलाच राहतं. त्यामुळे आईही खूश आहे.

आणि घर लहान केलं. 34 बाय 25, 850 फूट. हॉल आणि जेवणाची जागा एकत्र झाली, दुसरी बेडरूम थोडी आखडली. भावाला वाईट वाटलं, पण ओटी मोठी ठेवली आहे आणि गणपतीत माणसं ओटीवरच झोपतात.

नवीन हिशोब मांडते, बघा काही सुटतंय का. घर, भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून मोजून, 2100 च्या दराने 17.85 लाख. सांगाडा, कौलं आणि मागच्या ओळीवरचा स्लॅब धरून हा दर आहे. भराव, खालची भिंत आणि चर 1.60. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा 85 हजार. टाकी, पंप, विहिरीपासूनची पाईपलाईन 60 हजार. वीज जोडणी आणि मेन लाईन 40. नकाशा, डिझाइन आणि इंजिनीयरच्या फेऱ्या 75. कागदपत्रं, मोजणी 30. जुनं घर उतरवणं 35. कपाटं, पंखे, दिवे 1.75 लाख. गडगा फक्त पऱ्ह्याच्या बाजूला आणि साधं गेट, 1.50. बांधकामाच्या आठ महिन्यांतलं व्याज 51 हजार. वास्तुशांत 60.

बेरीज 27.06 लाख. त्यावर दहा टक्के अडीअडचणीचे धरले की 29.77. माझे 12 आणि कर्ज 18, असे 30. बाबांच्या 4 लाखांना हात लावावा लागत नाही. पहिल्या हिशोबात 32 लाखांत 12 लाख शिल्लक दिसत होते, घर लहान करूनही ते सगळे कुठे ना कुठे गेले. हे आधी कळलं नसतं तर जानेवारीत काम थांबलं असतं.

रोजमेळ | 27 सप्टेंबर

छान मांडलंत. दोन गोष्टी. शोषखड्डा विहिरीपासून किमान 60 फूट लांब हवा आणि उताराच्या खालच्या अंगाला. विहीर कुठे आहे? आणि सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झालाय. ठेकेदाराचा दर जुना असेल तर त्यावर बोला.

पागोळी | 28 सप्टेंबर

विहीर पाखाडीच्या वर आहे, 110 फुटांवर. शोषखड्डा खाली दक्षिणेला. दराचं बोलते.

मस्कतहून | 2 ऑक्टोबर

मी इथे राहून गुहागरला घर बांधलं. लांबून बांधणाऱ्याला एकच सांगतो. गिलाव्याच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून घ्या, वायरिंगचे पाईप आणि पाण्याच्या लाईन दिसतील असे, शेजारी टेप धरून. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. माझ्याकडे फोटो होते म्हणून गळती लागली तेव्हा दोन फरश्या काढून काम झालं. शेजाऱ्यांनी अख्खं बाथरूम फोडलं.

सोनचाफा | 3 ऑक्टोबर

घराच्या छतावर सौर पॅनेल बसवणार का? पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॉटला 60 हजार, 3 किलोवॉट आणि वर 78 हजार अनुदान आहे. आता नाही बसवले तरी छपरापासून मीटरपर्यंत एक रिकामा पाईप आत्ताच टाकून ठेवा.

ओळंबा | 3 ऑक्टोबर

सोनचाफा, अनुमोदन. रिकाम्या पाईपला खर्च नाहीच.

पागोळी ताई, वेळापत्रक पाण्यावर ठरवा. मार्च-एप्रिलमध्ये तुमच्याकडे विहिरी तळाला जातात. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं, कडक उन्हात किंवा मिश्र सिमेंट असेल तर दहा. म्हणून पट्टे आणि स्लॅब फेब्रुवारीच्या आत. नंतर कौलं, गिलावा, फरशी. मृगाच्या आधी छप्पर आणि चर पूर्ण झालेच पाहिजेत. रंग आणि कपाटं पावसानंतर केली तरी चालतील, बाहेरचा रंग तर पावसानंतरच करा.

पागोळी | 14 डिसेंबर

आज आखणी झाली. थापी दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे फक्की टाकून खोल्या काढल्या आणि आई-बाबांना आत सोडलं. बाबा त्यांच्या खोलीच्या रेघेत उभे राहिले आणि म्हणाले, खिडकी या बाजूला कर, इथून पाखाडीवरून कोण येतंय ते दिसलं पाहिजे. नकाशात खिडकी दक्षिणेला होती. मिस्त्रींनी लगेच रेघ पुसली आणि उत्तरेला काढली.

खर्च शून्य. चिरे येऊन पडलेत, 2600 नग पहिल्या खेपेचे. वही मी आजपासून सुरू केली, रोज संध्याकाळी आई लिहिणार आहे.